घाफच्या झाडाला टांगलेलं मीठ

आईला वाळवंट दाखवायचं मी आणि हेमंतने ठरवलं ते फोनवर, आणि तिच्या पाठीमागे. हेमंत माझा धाकटा भाऊ, आठ वर्षांपासून मस्कतला नोकरी करतो. आई एकाहत्तर वर्षांची, कोपरच्या गावठाणातल्या दोन खोल्यांच्या बैठ्या घरात एकटी राहते. दारात ओटा, ओट्याला लागून शेवगा, मागे मोरी. त्या मोरीत ती एकदा पाय घसरून पडली आणि शेजारच्या मथुराकाकींना कळेपर्यंत तासभर तशीच बसून होती. तेव्हापासून हेमंतचं एकच पालुपद: आईला कायमची मस्कतला नेतो, घर विकून टाकू, गिऱ्हाईक बघून ठेवलंय.

आई हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. "बगू" एवढंच म्हणायची. मी ठाण्याला राहते, घरी सासू-सासरे, नवरा, दहावीतली मुलगी. आठवड्यातून तीनदा ठाणे-कोपर करायचे. तिची औषधं, बँक, गॅस, मोरीत बसवलेली दांडी हलतेय का ते बघणं. लोकांना ही सेवा वाटायची. आता खोटं कशाला लिहू? तिने हो म्हणावं असं मलाही वाटत होतं. मी दमले होते.

म्हणून मागच्या वर्षी जानेवारीत मी तिला घेऊन आठ दिवसांसाठी मस्कतला गेले. तिला सांगितलं, फिरायला जातोय. तिला सगळं कळत होतंच.

निघताना

ओमानला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मुंबईहून थेट विमान आहे, जेमतेम तीन तास. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी नीट बघा. स्वेटर न्या, वाळवंट म्हणून फक्त सुती कपडे भरलेत तर पहाटे दात वाजतील.

आईची बॅग मी दोनदा उपसली. पहिल्यांदा सुकट निघाली, दुसऱ्यांदा सुके बोंबील. दोन्ही मथुराकाकींकडे गेले. तळाशी पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती, तिला मात्र तिने हात लावू दिला नाही. आत मीठ होतं, जाडं, खडे खडे, जरा मळकट रंगाचं.

या मिठाबद्दल सांगायला हवं. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. दिवाळी झाली की अख्खं कुटुंब गावातलं घर बंद करून आगरावर जायचं, तिथे झोपडी बांधायची आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आई अशीच राहिली, आठ महिने झोपडीत, चार महिने घरात. मग आगर बंद पडलं. शेवटच्या राशीतलं एक मडकंभर मीठ बाबांनी घरी आणून ठेवलं. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, मीठ अजून आहे. आई ते रोजच्या जेवणात वापरत नाही, सणाला चिमूटभर घालते.

मस्कतच्या विमानतळावर तपासणीवाल्या तरुण अधिकाऱ्याने नेमकी तीच पुरचुंडी काढली. पांढरे खडे, फडकं, गाठ. त्याने हात पुढे केला, उघडून दाखवा म्हणून. आईने गाठ सोडली, पण त्याच्या हातात काही दिलं नाही, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मीठ हाय बाला. चाखून बग." मीठ कुणाच्या हातात द्यायचं नाही, भांडण होतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्याला यातलं काय ठाऊक? त्याने वास घेतला, एक खडा बोटाने फिरवला, आईच्या नऊवारीकडे पाहिलं आणि हसून पुरचुंडी परत बांधून दिली. तीसुद्धा आईने टेबलावरूनच उचलली.

मस्कत

मस्कत म्हणजे डोंगरांच्या ओंजळीत ठेवलेली ठेंगणी पांढरी घरं. रस्ते इतके स्वच्छ की आईने पहिल्या दिवशी चप्पल काढूनच चालायची तयारी दाखवली. हेमंतचं घर चौथ्या मजल्यावर. त्याने आईसाठी वेगळी खोली लावली होती, बाथरूमला तिन्ही बाजूंनी दांड्या, खिडकीत खुर्ची. त्याने जीव ओतून केलं होतं सगळं. आई दोन दिवस त्या खुर्चीत बसून खालच्या गाड्या बघत होती. दुपारी हेमंतने विचारलं, "आवडलं?" संध्याकाळी विचारलं, "करमतंय ना?" जेवताना मी विचारलं, "काय ठरवतेयस?" ती ताटात बघत म्हणाली, "भात मऊ झाला."

आमच्याकडे एकच हुकमी पत्ता उरला होता, सालिम. हा हेमंतच्या ऑफिसातला मित्र, बदू कुटुंबातला, म्हणजे वाळवंटात उंट-शेळ्या घेऊन राहणाऱ्या लोकांतला. हिंदी आपल्याइतकीच मोडकीतोडकी पण बिनधास्त बोलतो. त्याची आई ओमानच्या पूर्वेकडच्या शरकियाच्या वाळवंटात राहते. तिनेही मुलासाठी जागा बदलली होती असं हेमंतने ऐकलं होतं. म्हातारीने म्हातारीला समजावलं तर पटेल, असा त्याचा हिशेब. सालिमने आनंदाने बोलावलं.

बुधवार, इब्रा आणि वाळूचं दार

मस्कतहून वाळवंटाच्या तोंडावरच्या बिदिया गावापर्यंत अडीच-तीन तास लागतात. रस्ता लोण्यासारखा, दोन्ही बाजूंना तपकिरी, उघडेबोडके डोंगर. वाटेत मल्याळी माणसांची चहाची दुकानं आहेत. शंभर-दीडशे बैशांत, म्हणजे आपल्या वीस-तीस रुपयांत, कडक चहा मिळतो आणि गाडीतून उतरावंही लागत नाही, हॉर्न वाजवला की पोऱ्या नाही, मालकच धावत येतो. सोबत गरम पराठ्यात चीज आणि मध घालून देतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण खाऊन बघा.

शक्य असेल तर बुधवारीच जा, कारण बुधवारी सकाळी इब्रा गावात फक्त बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. हेमंतला बाहेर गाडीत बसवलं आणि आम्ही दोघी आत शिरलो. अत्तर, ऊद, चांदीचे दागिने, रंगीत काठांचे कपडे. आईने कल्याणच्या बाजारात करते तसा, आगरी बोलीत, बिनदिक्कत भाव केला. समोरची बाई अरबीत. पाच मिनिटांनी हिरव्या काठाचं एक लाल कापड आईच्या काखेत होतं आणि दोघी एकमेकींवर खूश होत्या.

बिदियाला टायरमधली हवा कमी करून घ्यावी लागते, नाहीतर वाळूत गाडी रुतते. ते काम दहा मिनिटांत होतं. सालिम तिथे त्याची गाडी घेऊन आला होता. आमची गाडी तिथेच ठेवली आणि त्याच्या गाडीत बसलो. तुम्ही स्वतः चालवायचा विचार करत असाल तर चारी चाकांची ताकद असलेली गाडी घ्या आणि तरीही ओळखीचा माणूस सोबत ठेवा. खर्च वाचवायच्या जागा दुसऱ्या पुष्कळ आहेत.

गावातलं शेवटचं खजुराचं झाड मागे पडलं आणि वाळू सुरू झाली. मला वाटलं होतं, पिवळी असेल. ती जर्दाळूच्या रंगाची होती, आणि उन्हाची तिरीप बदलली की तीही बदलायची. डोंगराएवढ्या लाटा, एकामागे एक, आणि आवाज कसलाच नाही. गाडी थांबवून सालिमने इंजिन बंद केलं तेव्हा माझ्याच कानातलं रक्त वाहताना मला ऐकू आलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आगरावर दुपारी असंच व्हायचं. डोल्यांना पांढरं पांढरं आन कानाला काय नाय."

उम्म सालिम

सालिमच्या आईला सगळे उम्म सालिम म्हणतात, सालिमची आई. तिचं ठिकाण म्हणजे एका उंच घाफच्या झाडाच्या आसऱ्याने खजुराच्या झावळ्यांच्या दोन झोपड्या, एक चूल, शेळ्यांचं कुंपण आणि दूरवर तीन उंट. घाफ आपल्या शमीचंच झाड, गणपतीला पत्री वाहतो ती. आईने पान चुरगाळून वास घेतला आणि हात जोडले. सालिम म्हणाला, या झाडाची हिरवी फांदी इथे कुणी तोडत नाही. सावली हेच देतं, शेळ्यांना पाला हेच देतं.

उम्म सालिम ताठ कण्याची बाई. चेहऱ्यावर कपाळापासून नाकाच्या शेंड्याखालपर्यंत कडक, चमकदार मुखवटा. इथल्या बदू बायका घालतात. त्यातून दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हसत होते. तिने आईचा हात धरून तिला सतरंजीवर बसवलं. खजूर आले, मग वेलचीचा कावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, बारक्या कपात दोन घोट. कप रिकामा झाला की ती पुन्हा भरायची. आईने पाच कप संपवले. सहावा भरायला लागली तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "ही सोरत नाय मना." सालिमने दाखवलं, पुरे असेल तर कप दोन बोटांत धरून जरासा हलवायचा. तुम्हीही हे लक्षात ठेवा, नाहीतर झोपेचं खोबरं होईल.

खजूर झाले, कावा झाला, भात आणि बकऱ्याचं मटण झालं. उम्म सालिमने आम्ही नीट जेवतोय ना ते पाहिलं, आईच्या पाठीशी उशी सरकवली, शेळीचं एक पिल्लू आणून तिच्या मांडीत ठेवलं. पण विचारलं काही नाही. तुम्ही कुठल्या, मुलं किती, मालक काय करायचे, इकडे का आलात, काही नाही. आईला हे जड जायला लागलं. आमच्याकडे पाहुणा चप्पल काढायच्या आत त्याचं गाव, जात, पगार आणि गुडघेदुखी विचारून होते.

"वैशे," ती मला म्हणाली, "ही काय इचारतच नाय. मी आवरली नाय का हिला?"

हेमंतची अडचण वेगळी होती. त्याने सालिमला बाजूला घेतलं. "यार, अम्मी को बोल ना, ज़रा पूछे. मेरी माँ रहेगी कि नहीं रहेगी."

सालिम गोंधळला. "मेहमान को ऐसे नहीं पूछते. तीन दिन तक तो नहीं. खाना, पानी, आराम. क्यों आए, कब जाएँगे, ये हम नहीं पूछते."

"पण आम्ही उद्याच जाणार!" हेमंत मराठीतच ओरडला.

सालिमने मग समजावलं. पूर्वी इथे माणूस यायचा तो तहानलेला, वाट चुकलेला, कधी कुणापासून पळालेला. त्याला आधी प्रश्न विचारले तर तो पाणी मागायलाही घाबरेल. म्हणून आधी पाणी. तो सावरला की स्वतः सांगेल, नाही सांगितलं तरी हरकत नाही. आज मी तुझ्या दारात आहे, उद्या तू माझ्या दारात असशील, एवढं प्रत्येकाला माहीत असतं.

मी ते ऐकत उभी होते आणि मला एकदम लाज वाटली. गेले सहा महिने मी आणि हेमंत आईला फक्त विचारतच होतो. फोनवर, जेवताना, डॉक्टरांच्या बाहेर बसल्यावर. तिला पाणी कुणी दिलं होतं?

फांदीवरचं गाठोडं

उन्हं कलली तेव्हा आम्ही फिरायला निघालो. वाळूवर चप्पल काढून चाला. वरचा थर कोमट असतो आणि पाय आत गेला की थंडगार. शेळ्यांच्या खुरांची नक्षी, बारक्या किड्यांनी ओढलेल्या रेषा, आणि वारा आला की सगळं पुसून पुन्हा कोरं. टेकाडाच्या पलीकडे आणखी एक घाफ होता, एकटाच. त्याच्या फांदीला दोन गाठोडी टांगलेली होती, एक काळं पातेलं, आणि गुंडाळलेली चटई. आसपास झोपडी नाही, माणूस नाही.

"कुनाचं रे हे?" आईने विचारलं. मी सालिमला हिंदीत सांगितलं.

"मेरे चाचा के लोगों का. वो लोग उधर गए हैं, जहाँ बारिश हुई, घास है. जब आएँगे, तब लेंगे."

"कधी येतील?"

सालिमने खांदे उडवले. दोन महिन्यांनी येतील, पुढच्या वर्षी येतील. त्याची आईही उन्हाळ्यात खजूर पिकले की बिदियाच्या बागेत जाते, तिथे त्याने बांधलेल्या पक्क्या घरात राहते, आणि थंडी पडली की परत इथे. जाताना ती पण असंच टांगून जाते.

"चोरीला नाय जात?"

"कोई हाथ नहीं लगाता. मालूम है ना, आदमी वापस आने वाला है. जिसका सामान लटका है, उसका घर है."

म्हणजे म्हातारीने जागा बदलली होती ती अशी! हेमंतचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आई झाडाखाली उभी राहून त्या पातेल्याकडे वर बघत होती. वाऱ्याने ते जरासं हलत होतं. सूर्य बुडेपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि आम्हीही तिला चल म्हणालो नाही.

मीठ

सकाळी मला जाग आली ती भाजक्या वासाने. वाळू दवाने ओली होती. उम्म सालिम चुलीवर मोठ्या तव्यात पातळ भाकरी करत होती. पीठ हाताने तव्यावर फिरवायचं आणि पापडासारखा पापुद्रा सुटला की उचलायचा. आई तिच्या शेजारी उकिडवी बसून बघत होती. पहिला तुकडा तिला मिळाला. तिने चावला, जरा थांबली, आणि उठून झोपडीत गेली. आली ती पुरचुंडी घेऊन.

उम्म सालिमने दोन्ही तळवे पुढे केले. पाहुणी काहीतरी देतेय, ते हातात घ्यायचं.

आईने पुरचुंडी त्या तळव्यांना वळसा घालून खाली वाळूत ठेवली.

उम्म सालिमचे हात तसेच राहिले. मग तिने ते हळूच मागे घेतले आणि चुलीकडे पाहायला लागली. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पण खांदे आक्रसले होते. आईलाही कळलं, काहीतरी चुकलं. पण म्हणून ती मीठ हातात देणार नव्हती. सत्तर वर्षांची सवय आणि भीती. तीही खाली बघत बसली. तव्यावरची भाकरी करपली.

मी धावत जाऊन सालिमला उठवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तो डोळे चोळत आला, आपल्या आईशी अरबीत बोलला. मीठ आहे. त्यांच्याकडे हातात दिलं तर भांडण होतं असं मानतात. तिला तुझ्याशी भांडण नकोय, म्हणून खाली ठेवलं.

उम्म सालिमने मान वर केली. मुखवट्याच्या आतून हसण्याचा असा काही आवाज आला की शेळ्यांनी बघितलं. ती भराभर बोलायला लागली आणि सालिम सांगत गेला. त्यांच्याकडे उलटं आहे. ज्याच्यासोबत भाकरी आणि मीठ खाल्लं, त्याच्याशी मग वाकडं वागता येत नाही, त्याने तुमच्याशी नाही अन् तुम्ही त्याच्याशी नाही. तिने स्वतः वाळूतून पुरचुंडी उचलली, गाठ सोडली, दोन खडे काढले. एक ताज्या भाकरीच्या तुकड्यावर ठेवून आईसमोर ताटात ठेवला. हातात नाही, ताटात. एक स्वतः खाल्ला.

आणि मग आई बोलायला लागली.

कुणी विचारलं नव्हतं. उम्म सालिमला एक अक्षर कळत नव्हतं, आणि ती भाकऱ्या करत ऐकत होती. आईने आगरावरची झोपडी सांगितली. टाचांना पडलेल्या भेगा सांगितल्या, बाबा पहाटे लाकडी फळीने मीठ ओढायचे ते सांगितलं, हेमंत झोपडीतच रांगायला शिकला ते सांगितलं. मी पाठमोरी, सतरंजीच्या घड्या घालत होते. तेव्हा ती ते वाक्य बोलली, जे तिने मला किंवा हेमंतला कधीच सांगितलं नव्हतं.

"पोरांकडं रायला मना काय जड नाय गो. पन घर इकलं तर मी परत कुठं येऊ? यांचं मीठ हाय तितं. मी मेले तर मना कुठं आनतील?"

उम्म सालिमने काहीतरी अरबीत उत्तर दिलं. काय म्हणाली, मला माहीत नाही. सालिम तेव्हा उंटांकडे गेला होता. मी सतरंजीत तोंड घालून रडले. सहा महिने मी तिला विचारत होते, राहशील का. तिचा प्रश्न राहायचा नव्हताच.

निघायच्या वेळी उम्म सालिमने मिठाचे दोन भाग केले. एक तिच्या डब्यात गेला. दुसरा तिने आईच्या त्याच पांढऱ्या फडक्यात पुन्हा बांधला, दोरी घेतली आणि आपल्या अंगणातल्या घाफच्या फांदीला, स्वतःच्या पाण्याच्या पखालीशेजारी टांगला.

सालिमने सांगितलं, "बोलती है, ये इसका सामान है. आएगी तब मिलेगा."

आई त्या पुरचुंडीकडे बघून हसली, आणि निघताना तिने कुणी न सांगता कप दोन बोटांत धरून हलवला.

परतीची वाट

बिदियाला सालिमचा निरोप घेऊन आम्ही आमच्या गाडीत बसलो. पक्का रस्ता लागला तशी आई मागच्या सीटवरून म्हणाली, "हेम्या, त्या गिऱ्हाइकाला नाय म्हन."

हेमंतने गाडीचा वेग कमी केला. "आई, पण एकटी..."

"ऐक आदी. दिवाली झाली की मी तुज्याकडं येईन. पाऊस परायच्या आदी घरी जाईन. आगरान तसंच करायचो ना आपन? तवा तुला नाय वाटलं, आय बेघर हाय म्हनून."

"आणि ते चार महिने?"

"चार महिने ही हाय."

ही म्हणजे मी. मला सुटका हवी होती, आणि वाट्याला पावसाळा आला. मी आरशात बघितलं तर हेमंत माझ्याकडेच बघत होता. मी मान हलवली. त्या क्षणी मला राग आला नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. राग नंतर आला, जुलैमध्ये, कोपरला गुडघाभर पाण्यातून तिची औषधं नेताना. तोही फार टिकला नाही. घरात शिरल्यावर तिने काही न विचारता आधी टॉवेल दिला, मग चहा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरी

वाळवंटातून काय आणलं म्हणाल तर इब्राचं लाल कापड, पाव किलो कावा, आणि बॅगेच्या शिवणीत अडकलेली वाळू, जी अजून निघते. जाऊन आल्यावर मला अरबी लोक कळले असं मी म्हणणार नाही. एक घर आणि दीड दिवस पाहिला. पण जिथे पाणी कधी लागेल याचा भरवसा नाही, तिथल्या माणसांनी आलेल्याला आधी पाणी द्यायचं ठरवलं, आणि गेलेल्याची जागा राखायचं ठरवलं, एवढं पाहिलं. घर म्हणजे भिंती असं समजून मी आणि हेमंत गिऱ्हाईक शोधत होतो.

दिवाळीनंतर आई गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी कोपरला गेले, तर ती स्टुलावर चढायच्या बेतात होती. मी तिला खाली बसवलं आणि ती सांगेल तसं केलं. इब्राच्या लाल कापडात तिने मडक्यातलं उरलेलं मीठ, बाबांचा चष्मा आणि एक नऊवारी बांधली. ते गाठोडं मी ओट्यावरच्या आढ्याला दोरीने टांगलं, शेवग्याची फांदी जिथे आत झुकते तिथे, बाहेरून दिसेल असं.

जानेवारीत हेमंतने फोटो पाठवला. घाफखाली दोन म्हाताऱ्या, एक मुखवट्यातली, एक नऊवारीतली, आणि मधे सुटलेली पांढरी पुरचुंडी. मीठ वर्षभर फांदीवरच होतं. आई म्हणाली, दवाने जरा ओलसर झालं होतं, चव तीच.

आता एप्रिल चालू आहे. ती अजून तिथे आहे, पावसाच्या आधी येईल. मला कोपरला जायचं काही काम नाही. औषधं नाहीत, गॅस नाही, मोरीतली दांडी घट्ट आहे. तरी दर रविवारी जाते. ओटा झाडते, शेवग्याच्या शेंगा काढते, थोडा वेळ बसते.

परवा रस्त्याने जाणारा एक माणूस थांबला. घर बंद दिसतंय, विकायचंय का, म्हणून विचारत होता. मी काही बोलायच्या आत शेजारच्या ओट्यावरून मथुराकाकींनी वर बोट दाखवलं.

"सामान टांगलंय दिसत नाय का? मानूस यायचा हाय."